कात्री न लागलेला कोट

एक कोट आहे. एवढासा! दोन वर्षांच्या बाळाच्या मापाचा. त्याला बाह्या आहेत, कॉलर आहे, खाली झालरसुद्धा आहे. पण तो करताना कात्रीने कापड बेतलं नाही. शिलाई मशीन खडखडलं नाही. मुळात कापडच आणलं नाही!

मग कोट आला कुठून? ओळख बघू!

हार मानली? अरे, तो आला लोकरीच्या गुंड्यातून. अख्खा कोट म्हणजे नुसता धागा! आणि हत्यार? टोकाला वाकडी अशी एक छोटीशी सुई. क्रोशाची सुई!

लातूर-नांदेडकडे थंडी पडली की सकाळच्या उन्हात ओट्यावर बसलेल्या एखाद्या आजीच्या हातात ती दिसते. "काय करायलीस गं आज्जी?" असं विचारावं, तर उत्तर येतं, "कोट करायले, बाळाला!" आणि लगेच तिचे ओठ पुन्हा हलायला लागतात. मंत्र म्हणते की काय? छे! ती टाके मोजते. मध्येच बोलू नकोस हं, मोजणी चुकली तर सगळी ओळ उसवावी लागेल!

खरी जादू त्या मोजण्यातच आहे.

आधी धाग्याचा एक फास करायचा. सुई त्यात घालायची, धागा पकडायचा, फासातून बाहेर ओढायचा. झाला नवा फास! त्यातून पुन्हा एक. मग पुन्हा एक. झाली साखळी! आता या साखळीवर टाके उभे राहतात. त्यांची नावं तर ऐक: खांब, अर्धा खांब आणि मुका खांब! मुका खांब बुटका आणि घट्ट. बाळाच्या कोटाला मला तोच आवडतो. जाळीदार नक्षी दिसते झकास, पण बाळाची इवली बोटं तिच्या भोकांत अडकतात.

आता चल माझ्याबरोबर लातूरच्या गंजगोलाईत! बाजाराच्या मधोमध गोल इमारत, आणि तिच्यापासून चहूकडे फुटलेले १६ रस्ते. समजा, तुझ्या शाळेतली मुलं हात पसरून, एकमेकांचे हात धरून गोलाईभोवती उभी राहिली. समजा, त्या कड्याला ३०० मुलं लागली. आता पसरलेल्या हातांनी एक मूल जेवढी जागा अडवतं, तेवढंच मागे सरकायचं आणि तिथे दुसरं कडं करायचं. किती मुलं जास्त लागतील?

पन्नास? शंभर?

सहा! फक्त सहा! अगदी नेमकं सांगायचं तर सहाहून किंचित जास्त.

थांब, गंमत अजून पुढे आहे. शाळेतल्या झेंड्याच्या खांबाभोवती छोटंसं कडं केलं तर? त्याच्या मागच्या कड्यालाही सहाच मुलं जास्त. आणि अख्ख्या पृथ्वीभोवती कडं केलं तर? तरीही सहाच! मोठ्या माणसांनासुद्धा हे पटता पटत नाही. मैदानावर खडूने गोल काढून बघ, आणि मग घरी बाबांशी पैज लाव!

आता आपल्या सुईकडे ये. मुका खांब जवळजवळ जेवढा उंच, तेवढाच रुंद. म्हणजे एक टाका म्हणजे कड्यातलं एक मूल! पहिल्या फेरीत ६ टाके. दुसरीत १२. तिसरीत १८. चौथीत २४. अरेच्चा, हा तर सहाचा पाढा! पाढा नीट म्हणत गेलं की विणलेली चकती सपाट राहते.

पाढा मध्येच थांबवला तर? २४ वरच अडून बसलं, पुढच्या प्रत्येक फेरीत २४च घातले, तर? कड वर वळायला लागते. बघता बघता टोपी होते!

आणि पाढ्यापेक्षा खूप जास्त टाके कोंबले तर? त्यांना जागाच पुरत नाही. टाके एकमेकांना ढकलतात, कड वर-खाली नाचायला लागते. झाली झालर!

सुई तीच, धागा तोच, टाकाही तोच. बदललं काय? फक्त आकडे!

कोटही असाच होतो. सुरुवात गळ्यापासून. समजा, गळ्याला ६० टाके घेतले. ते पाच भागांत वाटायचे: पुढचा डावा भाग, डावी बाही, पाठ, उजवी बाही, पुढचा उजवा भाग. पाच भागांच्या मध्ये कोपरे किती? चार! दर ओळीत प्रत्येक कोपऱ्यावर एका टाक्याच्या जागी तीन घालायचे. म्हणजे कोपऱ्याला दोन जास्त, ओळीला आठ जास्त. दहा ओळींनी ६० चे १४० होतात, आणि बाळाचे खांदे आपोआप तयार! काखेपर्यंत आलं की बाह्यांचे टाके तसेच सोडून द्यायचे, पाठ आणि पुढचे भाग काखेखाली छोट्या साखळीने जोडायचे आणि सरळ खाली विणत सुटायचं. बाह्यांना मागाहून धागा जोडून गोल गोल विणायचं. बेतणं नाही, शिवणं नाही. बटणं तेवढी पक्की लावायची, कारण बाळ आधी तीच तोंडात घालणार!

झालरीवरून आठवलं. गणिताच्या अभ्यासकांना एक विचित्र आकार हातात धरून बघायचा होता. नाव हायपरबोलिक पृष्ठभाग. तो सगळीकडे झालरीसारखा पसरत जातो. कागदाचे तुकडे चिकटवून त्याचे नमुने केले, पण ते पटकन फाटत. १९९७ साली अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात डायना तायमिना या गणिताच्या बाईंनी काय केलं असेल? क्रोशाची सुई उचलली! त्या मूळच्या लात्व्हियाच्या, विणायला लहानपणीच शिकलेल्या. ठरावीक टाके झाले की एक जास्त, पुन्हा तेवढेच टाके झाले की एक जास्त. झाला नमुना! चुरगळा, पिशवीत कोंबा, काही होत नाही. पुढे त्यांनी यावर पुस्तक लिहिलं, तर त्याला सगळ्यात विचित्र नावाच्या पुस्तकाचं बक्षीस मिळालं!

असा आकार बघायला अमेरिकेला जायला नको. अंगणातल्या कोंबड्याच्या फुलाची कड निरखून बघ.

आणि आता एक गुपित. दुकानातले बहुतेक स्वेटर यंत्रं विणतात. पण खरं क्रोशाचं काम कारखान्यातल्या यंत्रांना जमत नाही! प्रयोगशाळांत काहींनी छोटी यंत्रं करून पाहिली आहेत. पण दर टाक्याला खालच्या ओळीतलं नेमकं भोक शोधायचं, त्यात शिरायचं, धागा घेऊन परत यायचं आणि वर शेजारच्या फासातूनही निघायचं, ही कसरत यंत्राला फार अवघड. म्हणून जगात कुठेही खरा क्रोशाचा कोट दिसला, तर समज, तो कुणीतरी हातानेच केलाय.

लोकर मात्र बहुतेक वेळा यंत्रावरच कातलेली असते. आणि दर वेळी मेंढीचीही नसते बरं का! बाजारातली पुष्कळशी 'लोकर' ॲक्रिलिकची, म्हणजे खनिज तेलापासून केलेली. लोकरीचे मोठे कारखाने पंजाबात लुधियान्याला आहेत. नांदेडहून अमृतसरला जाणारी सचखंड एक्सप्रेस तिथूनच जाते. आपल्याकडे पहाटे हुडहुडी आणि दुपारी घाम! तेव्हा बाळाला सुती धाग्याचा कोटही छान. कापूस तर आपल्या काळ्या मातीतलाच. त्याच्या एका प्रसिद्ध वाणाचं नावच 'नांदेड ४४' आहे!

आणि बाळ वाढलं की? बाही आखूड झाली, तर तिच्या कडेला चार फेऱ्या आणखी विणायच्या. कोट अगदीच आवळायला लागला, तर शेवटची गाठ सोडून धागा ओढायचा. सर्रर्र! कोटाचा पुन्हा गुंडा! हा प्रयोग मात्र आजीला विचारूनच कर हं.