पोरींच्या हाती गर्भनिरोधक द्यावं का? गोळी मेडिकलवर मिळते, सल्ला मात्र कुठंच नाही

बीड (तालुका प्रतिनिधी) : दिवाळी झाली की जिल्ह्यातल्या ऊसतोड टोळ्या कारखान्यांकडं निघतात. वयात आलेली पोरगी गावात कुणाच्या भरवशावर ठेवायची, हा प्रश्न आई-बापापुढं असतो. मग बऱ्याच घरांत अठरा पूर्ण व्हायच्या आतच लग्न उरकलं जातं. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, त्यामुळं उचलही मिळते. लग्नानंतर वर्षभरात पाळणा हलला नाही तर बोलणी सुरू होतात.

अल्पवयीन मुलामुलींना गर्भनिरोधकं मिळावीत का, हा विषय निघाला की चर्चा कॉलेज आणि मोबाईलवर जाते. आपल्याकडं मात्र तो लग्न झालेल्या पोरींचाही आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार राज्यात २० ते २४ वयाच्या २१.९ टक्के महिलांचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. बीड जिल्ह्यात हे प्रमाण चाळीस टक्क्यांच्या वर आहे. १५ ते १९ वयाच्या ७.६ टक्के मुली सर्वेक्षणावेळी आई झालेल्या किंवा गरोदर होत्या.

फायदा काय?

कोवळ्या वयातल्या बाळंतपणात रक्त कमी असणं, बीपी वाढून झटके येणं, कमी वजनाचं बाळ जन्मणं हे धोके जास्त असतात. शाळा सुटते ती कायमचीच. गर्भनिरोधकामुळं हे टळू शकतं. निरोधचा आणखी एक फायदा म्हणजे एचआयव्ही आणि गुप्तरोगापासूनही बचाव होतो. तो गोळीनं होत नाही.

तोटा काय?

पहिला धोका असा की न विचारता गोळी दिली तर अत्याचार झाकला जातो. पंधरा वर्षांच्या पोरीला गोळीची गरज का पडली, तिच्यावर कुणी जबरदस्ती करतंय का, हे कुणीतरी विचारायलाच पाहिजे.

दुसरा धोका अर्धवट माहितीचा. तातडीची गोळी संबंधानंतर ७२ तासांच्या आत घ्यायची असते, जितकी लवकर तितकी चांगली. ती रोजची गोळी नव्हे. वारंवार घेतली तर पाळीचं वेळापत्रक बिघडतं. दिवस गेले असतील तर तिचा उपयोग नाही. गर्भपाताची गोळी वेगळी असते आणि ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय देता येत नाही. कुणाच्या तरी हातून मागवून ती घरात घेतली तर रक्तस्राव होऊन जिवावर बेतू शकतं.

"सोय केली की पोरं बिघडतील," ही भीती पालक बोलून दाखवतात. ती समजण्यासारखी आहे. पण लैंगिक शिक्षण दिल्यानं मुलांमधले संबंध वाढत नाहीत, असं युनेस्कोनं २०१८ च्या मार्गदर्शिकेत जगभरातल्या अभ्यासांच्या आधारे नमूद केलं आहे.

कायदा कुठं अडतो?

२०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार अठराच्या आतल्या मुलीची संमती धरली जात नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या ऑक्टोबर २०१७ च्या निकालामुळं लग्न झालेलं असलं तरी हेच लागू आहे. असा गुन्हा कळला की पोलिसांना कळवणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. मुलींच्या संरक्षणासाठी हे गरजेचं आहे. पण नवऱ्यावर केस होईल या धाकानं सासरची माणसं सुनेचं वय चोरतात, नाहीतर दवाखानाच टाळतात.

यातून थोडी वाट सर्वोच्च न्यायालयानं २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात काढली. अल्पवयीन मुलगी गर्भपातासाठी आली आणि तिनं व पालकांनी विनंती केली, तर डॉक्टरांनी पोलिसांना कळवताना तिचं नाव-ओळख उघड करण्याची गरज नाही. गर्भपातासाठी पालकांची लेखी संमती मात्र लागतेच.

जायचं कुठं?

१० ते १९ वयोगटासाठी २०१४ पासून राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम आहे. त्यात सरकारी रुग्णालयांतून मैत्री क्लिनिक चालवली जातात. तिथं पाळी, रक्त कमी असणं, गर्भनिरोधक या सगळ्याचा सल्ला मोफत आहे. निरोध आणि माला-एन आरोग्य केंद्रात फुकट मिळतात. लग्न झालेल्यांना आशाताईंकडूनही मिळतात.

बालविवाह ठरत असेल तर १०९८ वर फोन करता येतो. गावात ग्रामसेवक हेच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात.

लग्न थांबवणं हा पहिला उपाय, यात वाद नाही. पण ज्या पोरीचं लग्न होऊन गेलंय, तिचं पहिलं बाळंतपण तरी अठरानंतर होईल एवढं बघणं सासू, आशाताई आणि डॉक्टर यांच्या हातात आहे. तिला मेडिकलच्या काउंटरवरून नुसती गोळी मिळून भागणार नाही. आधी तिच्याशी कुणीतरी नीट बोललं पाहिजे.