सिरुसेरीच्या उन्हातील बहुवार्षिक फुलझाडे

चेन्नईच्या दक्षिणेस सिरुसेरीच्या माहिती-तंत्रज्ञान वसाहतीत नोकरीनिमित्त राहणाऱ्या एखाद्या मराठी कुटुंबाला शीतप्रदेशीय उद्यानांतील पिओनीचा मोह झालाच, तर त्याने तो आवरावा हे उत्तम. कारण कळी धरण्यापूर्वी त्या झाडाला हिवाळ्यात काही आठवडे कडाक्याची थंडी लागते, आणि येथे जानेवारीच्या रात्रीही पारा सामान्यतः 20 अंशांच्या आसपासच घुटमळतो. त्यापेक्षा घराजवळचे अपूर्व वाण निवडावे.

तामिळनाडूचे राज्यपुष्प असलेली, आपल्या सह्याद्रीतही पावसाळ्यात दिसणारी कळलावी ही त्यांत अग्रगण्य होय. तिच्या पानांची टोकेच तणाव्यांसारखी वळून आधार पकडतात. तळाशी पिवळ्या व वर तांबड्या होत जाणाऱ्या नागमोडी पाकळ्या ऊर्ध्वमुख उलटतात. आणि बहर सरल्यावर वेल वाळून कंद तेवढा जमिनीखाली निजतो. कंद आडवा लावावा, मात्र त्याचे ठिसूळ अंकुराग्र मोडू देऊ नये, कारण मोडल्यास तो बहुधा उगवतच नाही. (मुळाशी पाणी साचता कामा नये, हे वेगळे सांगणे न लगे.)

वाळूमिश्रित जमिनीस मर्यादवेल, कुंडीस सदाफुली. येथील मुख्य पर्जन्यकाल ऑक्टोबर ते डिसेंबर असल्याने लावणीची तजवीज पुण्याच्या दस्तुराप्रमाणे आषाढात न करता सप्टेंबरअखेरीस करावी.

कळलावी सर्वांगी विषारी आहे, विशेषतः कंद. घरात लहान मुले वा पाळीव जनावरे असल्यास ती लावू नये.