पासवर्डातले मीठ

संगणकाच्या कार्यप्रणालीला वापरकर्त्याचा पासवर्ड ठाऊक असण्याची गरज नसते. समोर टंकलेला शब्द तोच आहे की नाही, एवढे ठरवता आले म्हणजे तिचे काम भागते. म्हणून पासवर्ड जसाच्या तसा लिहून ठेवण्याऐवजी त्यावर अशी गणिती प्रक्रिया केली जाते, की तिच्यातून निघालेल्या अक्षरमालिकेवरून मूळ शब्दाकडे परत जाता येऊ नये. ही अक्षरमालिका तेवढी नोंदवून ठेवायची आणि पुढच्या वेळी टंकलेल्या शब्दावर तीच प्रक्रिया करून दोन्ही फले ताडून पाहायची, अशी ही रीत आहे. या एकेरी प्रक्रियेला हॅशिंग आणि तिच्या फलाला हॅश म्हणतात.

ही रीत सदोष कशी ठरते आणि तिची दुरुस्ती कशी करावी, याचे मूळ विवेचन युनिक्स या कार्यप्रणालीच्या संदर्भात झाले. बेल प्रयोगशाळेतील रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्प्सन यांनी १९७९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात युनिक्सच्या पहिल्या पद्धतीची निःसंकोच चिरफाड केली आहे. एम-२०९ या दुसऱ्या महायुद्धातील सांकेतिक यंत्राची संगणकीय नक्कल करणारी ती पद्धत फार वेगवान होती, आणि हाच तिचा दोष होता. पीडीपी-११/७० या संगणकावर एक शब्द तपासायला सुमारे सव्वा मिलिसेकंद पुरत असे, त्यामुळे अख्खा शब्दकोश पडताळून पाहणे अवघ्या काही मिनिटांचे काम होते. लोक पासवर्ड तरी कसे निवडत? लेखकद्वयाने गोळा केलेल्या ३,२८९ पासवर्डांपैकी २,८३१, म्हणजे ८६ टक्के, एक तर अतिशय आखूड होते किंवा कोशांत आणि नावांच्या याद्यांत सापडणारे होते.

वेग कमी करण्यासाठी युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत डीईएस ही तत्कालीन प्रमाण सांकेतिक पद्धत घेण्यात आली. पासवर्डाची पहिली आठ अक्षरे किल्ली म्हणून वापरायची आणि निव्वळ शून्यांचा एक ठोकळा त्या किल्लीने लागोपाठ पंचवीस वेळा सांकेतिक करायचा, असे तिचे स्वरूप होते. पण संथपणा एकटा पुरेसा नव्हता. एका शब्दाचा हॅश एकदा काढला, की तो फाइलीतील प्रत्येक वापरकर्त्याच्या नोंदीशी फुकटात ताडता येतो, आणि दोघांचा पासवर्ड एकच असेल तर त्यांचे हॅशही उघडपणे सारखेच दिसतात.

यावरचा उपाय म्हणजे सॉल्ट, म्हणजेच मीठ. पासवर्ड ठरवताना बारा बिटांची एक संख्या घ्यायची आणि हॅशच्या गणितात ती मिसळायची. अशा संख्या ४,०९६ असल्यामुळे एकाच शब्दाचे तितके वेगवेगळे हॅश संभवतात. सातव्या आवृत्तीतील पासवर्ड बदलण्याचा प्रोग्रॅम ही संख्या घड्याळातील वेळ आणि स्वतःचा प्रक्रिया-क्रमांक यांच्या बेरजेवरून काढत असे. आजच्या प्रणालींत ती कितीतरी मोठी असते आणि प्रणालीच्या गाभ्याकडून यादृच्छिक रूपात घेतली जाते. युनिक्सने डीईएसच्या अंतर्गत कोष्टकातील काही जागांची अदलाबदल या मिठानुसार केली, जेणेकरून बाजारात मिळणाऱ्या वेगवान डीईएस चिप हल्लेखोराच्या कामी येऊ नयेत.

मीठ गुप्त असते, हा समज मात्र चुकीचा आहे. ते हॅशच्या शेजारीच उघडे लिहिलेले असते, कारण पडताळणीच्या वेळी त्याची गरज पडते. एकाच व्यक्तीचा दुबळा पासवर्ड शोधणाऱ्याला ते अडवत नाही. एकदा केलेली मेहनत हजारो नोंदींवर वापरता येऊ नये, एवढेच त्याचे काम, आणि ते मोलाचे आहे. विंडोजच्या जुन्या लॅन मॅनेजर पद्धतीत मीठ नव्हते. तिच्यावर २००३ मध्ये फिलिप ऑक्स्लिन यांनी १.४ गीगाबाइटची तयार कोष्टके वापरून, केवळ अक्षरे आणि अंक असलेले ९९.९ टक्के पासवर्ड १३.६ सेकंदांत शोधता येतात असे दाखवून दिले.

युनिक्सच्या रचनेतील खरे चातुर्य गणितापेक्षा तिच्या लायब्ररीत, म्हणजे सर्व प्रोग्रॅमना सामाईक असलेल्या तयार फंक्शनांच्या संग्रहात, अधिक दिसते. ‘क्रिप्ट’ या फंक्शनला टंकलेला शब्द आणि साठवलेली नोंद अशा दोनच गोष्टी द्यायच्या. ते नोंदीच्या सुरुवातीचे मीठ स्वतःच उचलते आणि मिठाची दोन व हॅशची अकरा अशी तेरा अक्षरे परत करते, जी नोंदीशी जुळली की प्रवेश मिळतो. लॉगिनच्या प्रोग्रॅमला आत काय घडते हे कळावे लागत नाही. याच रचनेमुळे डीईएस कालबाह्य झाल्यावरही घडी विस्कटली नाही. पॉल-हेनिंग कॅम्प यांची एमडी५वर आधारित पद्धत, नील्स प्रोव्होस आणि डेव्हिड मॅझिएर यांची बीक्रिप्ट, उल्रिख ड्रेपर यांची शा-५१२वरील पद्धत आणि अलीकडची येसक्रिप्ट या सर्वांनी नोंदीच्या आरंभी डॉलर-चिन्हांमध्ये स्वतःची खूण ठेवली. खुणेवरून लायब्ररी योग्य पद्धत निवडते, आणि जुन्या नोंदी पासवर्ड बदलला जाईपर्यंत जुन्याच पद्धतीने तपासल्या जातात. बीक्रिप्टने तर संथपणाचे प्रमाणही नोंदीतच लिहिले, जेणेकरून यंत्रे वेगवान होतील तसे ते वाढवता यावे.

देवनागरीत पासवर्ड लिहिणाऱ्याने एक गोष्ट ध्यानात घ्यावी. आज प्रचलित असलेल्या यूटीएफ-८ लेखनात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, अगदी काना आणि वेलांटीसुद्धा, तीन बाइट घेते. म्हणून जुन्या क्रिप्टच्या आठ बाइटांत पुरती तीन चिन्हेही मावत नाहीत, आणि बीक्रिप्टच्या ७२ बाइटांच्या मर्यादेत २४ मावतात. शिवाय जुने क्रिप्ट प्रत्येक बाइटचा आठवा बिट टाकून देते. बीक्रिप्टच्या एका प्रचलित मुक्त आवृत्तीतही या आठव्या बिटाची हाताळणी चुकलेली होती. साध्या रोमन अक्षरांच्या पासवर्डांना तिचा उपद्रव नसल्यामुळे ती चूक २०११ पर्यंत लपून राहिली आणि दुरुस्तीनंतर नोंदींसाठी नव्या खुणा योजाव्या लागल्या.

खुद्द थॉम्प्सन यांचा पासवर्ड आठ अक्षरांचा होता आणि बर्कली युनिक्सच्या एका जुन्या फाइलीत त्याचा डीईएस हॅश शिल्लक राहिला होता. २०१९ मध्ये एका ग्राफिक्स कार्डाने चार दिवसांहून अधिक काळ खपून तो शोधून काढला. बुद्धिबळ खेळणारे यंत्र घडवणाऱ्या थॉम्प्सन यांनी डावाच्या आरंभीची एक चाल पासवर्ड म्हणून निवडली होती: वजिरापुढचे प्यादे दोन घरे.