शेवटच्याने दिवे मालवावेत

९ एप्रिल १९९२, ब्रिटनमधल्या मतदानाची सकाळ. ‘द सन’ या वृत्तपत्राच्या पहिल्या पानावर मजूर पक्षाचे नेते नील किनॉक यांचं डोकं विजेच्या दिव्यात बसवलेलं होतं. शेजारी विनंती: आज किनॉक जिंकले, तर देश सोडणाऱ्या शेवटच्या माणसाने कृपया दिवे मालवावेत. किनॉक हरले. दोन दिवसांनी मथळा आला, ‘इट्स द सन वॉट वन इट’. म्हणजे, निवडणूक आम्हीच जिंकून दिली! व्याकरण मुद्दाम रांगडं, फुशारकी मात्र अस्सल. पुढे २०१२मध्ये, वृत्तपत्रांच्या वर्तनाची तपासणी करणाऱ्या लेव्हसन चौकशीत खुद्द मालक रूपर्ट मर्डोक यांनी तो मथळा हीन अभिरुचीचा आणि चुकीचा ठरवला.

ब्रिटिश वृत्तपत्रं आपला कल लपवत नाहीत. ‘टेलिग्राफ’ हुजूर (टोरी) पक्षाचा, इतका की थट्टेने त्याला ‘टोरीग्राफ’ म्हणतात. ‘मिरर’ मजूर पक्षाचा. पण वाचक पेपरामुळे वळतो, की आपल्या मताचाच पेपर विकत घेतो? १९९७मध्ये ‘सन’ मजूर पक्षाच्या टोनी ब्लेअर यांच्या बाजूला गेला, तेव्हा पारडं कधीच झुकलं होतं. वाहत्या गंगेत हात धुण्याचाच तो प्रकार.

तरीही लॅड आणि लेन्झ या अमेरिकी अभ्यासकांनी त्याच त्या मतदारांच्या १९९२ ते १९९७मधल्या मुलाखती ताडून पाहिल्या, तेव्हा बाजू बदललेल्या पेपरांचे वाचक इतरांपेक्षा जास्त प्रमाणात ब्लेअरकडे वळलेले दिसले.

याहून बोलकी गोष्ट लिव्हरपूलची. १५ एप्रिल १९८९ला शेफील्डच्या हिल्सबरो फुटबॉल मैदानावरच्या चेंगराचेंगरीत लिव्हरपूल संघाच्या ९७ चाहत्यांचा बळी गेला. चारच दिवसांनी ‘सन’ने ‘द ट्रूथ’ अशा ठसठशीत मथळ्याखाली छापलं, की चाहत्यांनीच मृतांचे खिसे मारले, पोलिसांवर लघवी केली. धादांत खोटं. शहराने पेपर टाकला तो टाकलाच. आजही तिथले कित्येक दुकानदार तो ठेवत नाहीत.

‘सन’ वर्षानुवर्षं युरोपीय संघावर तोंडसुख घेत असे. तो घरात येईनासा झाल्यावर लिव्हरपूल ज्यात येतं त्या मर्सीसाइड भागातला युरोपविरोध ओसरला, असं २०२२मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळलं. पेपराचं वजन कळलं, ते तो बंद केल्यावर.

२०२४मध्ये मतदानाच्या आदल्या दिवशी ‘सन’ने पुन्हा मजूर पक्षाला कौल दिला. निकाल तोवर सगळ्यांनीच गृहीत धरला होता. १९९२मध्ये पस्तीस लाखांच्या आसपास खपणाऱ्या या पेपराने खपाचे आकडे जाहीर करणं २०२०मध्येच थांबवलं आहे.