दूरचित्रवाणीवरील गुन्हे-अन्वेषण मालिका आणि प्रेक्षकांचा हक्क : ‘सी.आय.डी.’मधील पात्रवर्ग व पुनरागमनाविषयीच्या चर्चेचे स्वरूप

प्रस्तावना :

एप्रिल २०२५ मध्ये सोनी वाहिनीवरील ‘सी.आय.डी.’ या हिंदी मालिकेत एसीपी प्रद्युम्न या पात्राचा बॉम्बस्फोटात मृत्यू झाल्याचे दाखविण्यात आले. वाहिनीने १९९८ ते २०२५ असा कालखंड नोंदवून या काल्पनिक अधिकाऱ्याला समाजमाध्यमांवर श्रद्धांजली वाहिली. त्यावर प्रेक्षकांकडून जी प्रतिक्रिया उमटली तिच्यात शोकापेक्षा संताप अधिक होता. प्रद्युम्नशिवाय मालिका पाहणार नाही, असे बजावणाऱ्यांत मालिका सुरू झाली तेव्हा शाळेत असलेली आणि आता स्वतःच्या मुलांसह ती पाहणारी पिढीही होती. त्याच वर्षी पुढे हे पात्र मालिकेत जिवंत परतले.

या घटनेकडे केवळ करमणुकीच्या क्षेत्रातील एक बातमी म्हणून पाहणे पुरेसे नाही. मालिका कोणाची, तिच्यात कोण असावे हे ठरविण्याचा अधिकार कोणाचा आणि ती चालू राहावी की थांबावी याचा निर्णय कोणत्या आधारावर होतो, हे प्रश्न त्यामागे उभे आहेत. प्रस्तुत लेखात ‘सी.आय.डी.’च्या संदर्भात या प्रश्नांचा विचार केला आहे.

मालिकेची पार्श्वभूमी :

भारतीय दूरचित्रवाणीला गुन्हे-अन्वेषणाचे कथानक नवीन नव्हते. दूरदर्शनवर १९८५ मध्ये ‘करमचंद’ आणि १९९३ मध्ये ‘ब्योमकेश बक्षी’ या मालिका आल्या. दोन्हींचा केंद्रबिंदू एकटा, बुद्धिमान खाजगी गुप्तहेर हा होता. मराठी वाचकाला हा प्रकार बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि धनंजय-छोटू यांच्यामुळे त्याआधीच परिचयाचा होता. पोलीस पथक हेच नायक, ही कल्पना मात्र वेगळी होती. मुंबई दूरदर्शनवरील ‘एक शून्य शून्य’ या मराठी मालिकेत ती प्रथम ठळकपणे दिसते. पोलिसांच्या दूरध्वनी क्रमांकावरून नाव घेतलेल्या त्या मालिकेचे दिग्दर्शक बी. पी. सिंग होते आणि शिवाजी साटम यांनी तीत भूमिका केली होती. ‘सी.आय.डी.’ची बीजे अशा रीतीने मराठी दूरचित्रवाणीत रुजलेली आहेत, ही गोष्ट हिंदी भाषक चाहत्यांच्या चर्चेत सहसा येत नाही.

पुण्याच्या चित्रपट संस्थेत शिकलेल्या आणि पुढे २०१८ मध्ये त्याच संस्थेचे अध्यक्ष झालेल्या सिंग यांनी प्रदीप उप्पूर यांच्या साथीने ‘सी.आय.डी.’ची निर्मिती केली. २१ जानेवारी १९९८ रोजी तिचा पहिला भाग प्रसारित झाला. २७ ऑक्टोबर २०१८ रोजी पहिले पर्व थांबले तेव्हा १५४७ भाग पूर्ण झाले होते. दरम्यान २००४ मध्ये १११ मिनिटांचा एक भाग मध्ये कोठेही न तोडता एकाच सलग चित्रणात पूर्ण करण्याचा विक्रमही मालिकेने केला.

मालिकेतील पोलीस व्यवस्था वास्तवाशी फारशी जुळत नाही, हे येथे नमूद करावे लागेल. मुंबई शहरातील गंभीर गुन्ह्यांचा तपास शहर पोलिसांची गुन्हे शाखा करते. राज्याच्या गुन्हे अन्वेषण विभागाचे मुख्यालय पुण्यात आहे. शवविच्छेदन रुग्णालयातील डॉक्टर करतात आणि रासायनिक पृथक्करण कलिना येथील न्यायसहायक प्रयोगशाळेत होते. मालिकेतील डॉ. साळुंखे ही सर्व कामे एकाच खोलीत आणि बहुधा त्याच दिवशी उरकतात. प्रेक्षकांना हे ठाऊक नाही असे मुळीच नाही. या विसंगतींची थट्टा सर्वांत अधिक चाहतेच करतात. दयाने तोडलेल्या दरवाजांचा हिशेब मांडणारा प्रेक्षक आणि त्याच दयावाचून मालिका नको म्हणणारा प्रेक्षक हे पुष्कळदा एकच असतात.

पात्रवर्ग हाच आशय :

कौटुंबिक दैनंदिन मालिकांत नट बदलणे ही नित्याची बाब आहे. अपघात, शस्त्रक्रिया किंवा काही वर्षांची झेप दाखवून नवा चेहरा आणला जातो आणि थोड्या कुरबुरीनंतर प्रेक्षक तो स्वीकारतो. तेथे कथा सलग असते. नाती, वैर, वारसा यांचा धागा पुढे चालू राहतो आणि नट त्या धाग्यात ओवलेला असतो. गुन्हे-अन्वेषण मालिकेत नेमके उलट घडते. तेथे प्रत्येक कथा एका किंवा दोन भागांत संपते. खून झालेली व्यक्ती, संशयित, गुन्हेगार, घटनास्थळ हे सर्व पुढील आठवड्यात बदलते. कायम राहते ते केवळ पथक. दीड हजारांहून अधिक भागांतील कथानके किती जणांच्या स्मरणात असतील हा प्रश्नच आहे. परंतु प्रद्युम्नची बोटे फिरविण्याची लकब, अभिजीतची संशयी नजर आणि फ्रेडरिक्सची भाबडी विधाने मालिका न पाहणाऱ्यांनाही ठाऊक असतात. म्हणून अशा मालिकेत पात्रवर्गाविषयीची चर्चा ही आशयाविषयीचीच चर्चा ठरते. कोण राहणार, कोण जाणार हे विचारताना प्रेक्षक ‘मालिकेत शिल्लक काय राहणार’ हे विचारत असतो.

अर्थात पहिल्या काळात पथक इतके पक्के नव्हते. प्रारंभी आशुतोष गोवारीकर यांनी वीरेंद्र या अधिकाऱ्याची भूमिका केली आणि काही काळाने ते मालिकेबाहेर पडले. त्यानंतर काही वर्षांतच त्यांचा ‘लगान’ आला. आदित्य श्रीवास्तव हे तर १९९८ मधील एका भागात गुन्हेगाराच्या भूमिकेत दिसले होते. पुढे तेच अभिजीत झाले. त्या वेळी याची कोणी फारशी दखल घेतली नाही. पुढे शिवाजी साटम, आदित्य श्रीवास्तव, दयानंद शेट्टी, नरेंद्र गुप्ता आणि दिनेश फडणीस हे चेहरे वर्षानुवर्षे टिकले, आणि या टिकण्यातूनच त्यांना अधिकार प्राप्त झाला. स्त्री अधिकाऱ्यांच्या भूमिका त्या तुलनेत वारंवार बदलत राहिल्या आणि त्यांच्या जाण्याने तेवढा गदारोळ झाला नाही. चाहत्यांची निष्ठा तटस्थ नसते. मालिकेने ज्यांना केंद्रस्थानी ठेवले त्यांच्यामागेच ती उभी राहते, हे येथे मान्य केले पाहिजे.

डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या अभ्यासकांनी १९५६ मध्येच अशा संबंधांना ‘पॅरासोशल’ असे नाव दिले होते. पडद्यावरील व्यक्ती नियमित भेटते, थेट आपल्याकडे पाहून बोलल्यासारखी वाटते आणि तिच्याविषयी परिचिताप्रमाणे आपुलकी निर्माण होते. ती व्यक्ती मात्र प्रेक्षकाला ओळखत नसते. हे एकतर्फी सान्निध्य म्हणजे भ्रम नव्हे. प्रेक्षकाला त्याचे एकतर्फीपण माहीत असते. २०२३ मध्ये दिनेश फडणीस यांचे निधन झाले तेव्हा लोकांनी फ्रेडरिक्स आणि फडणीस या दोघांचा शोक एकदमच केला. त्यात गोंधळ नव्हता. एका मराठी नटाने वीस वर्षे जे हसू दिले, त्याचे ऋण लोक त्यांना परिचित असलेल्या नावाने मान्य करीत होते.

मालिका थांबते कशी?

अमेरिकेत या प्रश्नाला ठरीव चौकट आहे. मालिका पर्वांत विभागलेली असते आणि वाहिन्या साधारणपणे मे महिन्यापर्यंत पुढील पर्वाची मंजुरी जाहीर करतात. त्यामुळे ‘नूतनीकरण होणार का’ हा तेथील चाहत्यांचा दरवर्षीचा प्रश्न असतो. ‘लॉ अँड ऑर्डर’ ही एन.बी.सी.वरील मालिका १९९० पासून वीस पर्वे चालून २०१० मध्ये बंद झाली आणि २०२२ मध्ये एकविसाव्या पर्वासह परतली. तिचीच उपशाखा असलेल्या ‘स्पेशल व्हिक्टिम्स युनिट’मधून ख्रिस्तोफर मेलोनी २०११ मध्ये बाहेर पडले ते कराराची बोलणी फिसकटल्यामुळे, तेच पात्र घेऊन ते २०२१ मध्ये दुसऱ्या मालिकेत परतले. तेथेही प्रेक्षकांनी दहा वर्षे त्या पात्राची आठवण जागती ठेवली होती.

आपल्याकडे पर्वाची अशी मर्यादा पूर्वी नव्हती. मालिका चालते तोवर चालते. ‘सी.आय.डी.’ थांबली तेव्हा वाहिनीने त्यास समाप्ती न म्हणता विश्रांती म्हटले. ही विश्रांती सहा वर्षांहून अधिक काळ लांबली. नूतनीकरणाची तारीखच नसेल तर नकाराचीही तारीख नसते, आणि मग प्रेक्षकाने दाद कोणाकडे मागावी हे स्पष्ट होत नाही.

निर्णयाचा आधार मुख्यतः प्रेक्षकसंख्येचे मापन हा असतो. २०१५ पासून हे काम ‘बार्क’ ही संस्था करते. २०२० च्या सुमारास तिच्या अंदाजाप्रमाणे देशात सुमारे २१ कोटी घरांत दूरचित्रवाणी संच होते आणि मापनयंत्रे सुमारे ४४ हजार घरांत बसविलेली होती. म्हणजे साधारण पावणेपाच हजार घरांच्या वतीने एक घर बोलते. नमुना पाहणीच्या शास्त्रानुसार यात काही गैर नाही. घरांची निवड योग्य रीतीने झाली असेल तर एवढा नमुना पुरतो. परंतु ज्याच्या घरी यंत्र नाही असा प्रेक्षक वीस वर्षे एकही भाग न चुकविता पाहत असला, तरी त्याच्या पाहण्याची स्वतंत्र नोंद कोठेही होत नाही. शिवाय यंत्र किती लोक, किती वेळ पाहतात हे मोजते. किती मनापासून पाहतात हे मोजत नाही. जाहिरातदाराला पहिली गोष्ट हवी असते, कारण तो त्या दहा सेकंदांची किंमत मोजत असतो. चाहत्याजवळ मात्र दुसरीच गोष्ट असते. या दोन मोजमापांतील अंतर हेच ‘मालिका बंद का केली’ या तक्रारीचे मूळ आहे. २०२० मध्ये मुंबई पोलिसांनी मापनयंत्रांतील गैरप्रकारांचा तपास सुरू केल्यावर तर या आकड्यांवरील सामान्य माणसाचा विश्वास आणखी डळमळीत झाला.

२०१८ नंतरची स्थिती या दृष्टीने उद्बोधक आहे. नवे भाग थांबले तरी जुने भाग दुसऱ्या वाहिनीवर आणि यूट्यूबवर दाखविले जात राहिले. मालिकेतील वाक्ये व प्रसंग तरुण पिढीच्या विनोदाचा कच्चा माल झाले. जिला नवा प्रेक्षक नाही असे मानले गेले, तिला जुन्या भागांनीच नवा प्रेक्षक मिळवून दिला. नटांच्या वाट्याला मात्र या दुसऱ्या आयुष्याचा लाभ त्या प्रमाणात आला नाही. मराठी रंगभूमी आणि ‘वास्तव’सारख्या चित्रपटांतून आपली क्षमता सिद्ध केलेल्या साटम यांनीही, मालिकेनंतर सशक्त भूमिका मिळत नसल्याची खंत मुलाखतींतून व्यक्त केली होती. ज्या ओळखीसाठी प्रेक्षक भांडतो तीच ओळख नटाभोवती कुंपणासारखी उभी राहते. चाहत्यांच्या चर्चेत ही बाजू क्वचितच येते आणि ती यायला हवी होती.

पुनरागमन आणि मृत्यू :

२१ डिसेंबर २०२४ रोजी मालिका परतली. प्रद्युम्न, अभिजीत आणि दया ही मूळ त्रयी कायम होती. मात्र दोन जिवलग मित्रांना एकमेकांसमोर शत्रू म्हणून उभे केले होते. फेब्रुवारी २०२५ पासून हे भाग नेटफ्लिक्सवरही उपलब्ध झाले. त्यानंतर दोनच महिन्यांत प्रद्युम्नचा मृत्यू दाखविण्यात आला आणि पार्थ समथान यांनी साकारलेला आयुष्मान हा नवा एसीपी आला. नव्या नटाच्या वाट्याला आलेला रोष वैयक्तिक नव्हता, तरी तो सोसावा त्यालाच लागला.

लोकप्रिय शोधकाला मारण्याचा प्रयोग जुना आहे. आर्थर कॉनन डॉयल यांनी डिसेंबर १८९३ मध्ये शेरलॉक होम्सला धबधब्यात लोटले. वाचक नाराज झाले, नियतकालिकाला त्याची झळ पोहोचली. १९०१ मध्ये डॉयल यांनी मृत्यूपूर्वीची कथा म्हणून होम्सची कादंबरी लिहिली आणि १९०३ मध्ये त्याला जिवंत परत आणले. होम्सला दहा वर्षे लागली. प्रद्युम्नला वर्षही लागले नाही. डॉयल यांना आपल्या नायकाचा खरोखर कंटाळा आला होता आणि त्यांना दुसरे लेखन करावयाचे होते. मालिकेच्या बाबतीत हेतू इतका सरळ सांगता येत नाही. श्रद्धांजलीचा गाजावाजा करूनच मृत्यू दाखविला गेला, त्यामुळे निषेधही अपेक्षित असावा असे मानण्यास जागा आहे. निषेध करणारा प्रत्येक जण त्या काळात मालिकेविषयीच बोलत होता आणि ते बोलणे वाहिनीच्या पथ्यावर पडणारे होते.

तरीही प्रेक्षक फसविला गेला असे म्हणणे एकांगी ठरेल. बंद झालेल्या मालिकेसाठी केलेल्या मागणीला उत्तर मिळण्यास २०१८ नंतर सहा वर्षे लागली होती. २०२५ मध्ये ते काही महिन्यांत मिळाले. मापनयंत्र ज्याच्या घरी कधीच आले नाही अशा प्रेक्षकाचे म्हणणे या वेळी नोंदले गेले. ज्यांच्या घरी फ्रेडरिक्सची आठवण अजून निघते त्यांच्यासाठी मात्र कोणतेही नूतनीकरण पुरे पडणार नव्हते. ते पात्र परत आणण्याची मागणी कोणी केली नाही.