बालपणींची उणीव आणि प्रौढपणींचें हृदय

गळ्याच्या पुढील बाजूस, श्वासनलिकेला बिलगून, फुलपांखराच्या आकाराची थायरॉइड नांवाची ग्रंथि असते. वजन सुमारें दोन तोळे. तिचा रस कमी पडल्यास लहान मुलाची बुद्धि खुंटते, हें सुशिक्षितांस ठाऊक असतें. हृदयाविषयीं मात्र फारसें कोणी बोलत नाहीं.

ह्या रसावांचून मंदावलेल्या व फुगलेल्या प्रौढ हृदयाचें वर्णन हर्मान झोंडेक ह्या जर्मन वैद्यानें १९१८ सालीं केलें. ग्रंथीचा अर्क पोटांत गेल्यावर तें हृदय पूर्ववत् होतें, हेंही त्यानें दाखविलें. मग बालकाचें हृदय तसेंच कां सुधारूं नये?

कारण असें कीं, प्रौढाचें हृदय बांधून झालेलें असतें. बालकाचें बांधलें जात असतें. गर्भांत हृदयाच्या पेशी संख्येनें वाढतात. जन्माच्या सुमारास हा रस वाढतो, तेव्हां त्यांचें विभाजन थांबत जाऊन त्या पक्व होऊं लागतात. गर्भावस्थेंतील स्नायु-प्रथिनांची जागा प्रौढ प्रथिनें घेतात. हें काम ठराविक वेळीं व्हावयाचें असतें. उंदरांवरील कांहीं प्रयोगांत गर्भावस्थेंत हा रस कमी पाडण्यांत आला. तीं पिल्लें मोठीं होऊन त्यांच्या रक्तांतील रसाचें प्रमाण यथायोग्य झालें, तरी हृदयाचें आकुंचन दुबळेंच राहिलें.

माणसांत हा परिणाम पुष्कळ सौम्य असतो, हेंही सांगितलें पाहिजे. इटलींतील नेपल्स येथील एक अभ्यास २००८ सालीं प्रसिद्ध झाला. जन्मतःच ही उणीव असलेले, परंतु तान्हेपणापासून औषध घेत आलेले तरुण त्यांत तपासले होते. दिसावयास ते निरोगी. तरीही दोन ठोक्यांमधील विसाव्यांत त्यांचें हृदय जरा सावकाश सैल पडे, मानेंतील धमनीची भिंत किंचित् जाड भरली, आणि श्रम करण्याची शक्ति समवयस्कांहून कमी आढळली. औषधाची मात्रा वारंवार कमीअधिक झाल्याचा ह्याशीं संबंध दिसला.

आईचा रस कांहीं अंशीं गर्भास मिळत असल्यानें नवजात मूल बहुधा ठणठणीत दिसतें. रडतें, दूध पितें, मग सुई कशाला, असें घरांतील वडील मंडळी म्हणतात! परंतु भारतांत सुमारें हजारांत एका बालकास ही उणीव असते. जन्मानंतर दोन दिवसांनीं टाचेंतून रक्ताचे थेंब टिपकागदावर घेऊन ती ओळखतां येते. क्वेबेकमध्यें १९७४ च्या सुमारास ही पद्धत रूढ झाली. भारतांत ती सर्वत्र सक्तीची नाहीं. प्रसूतिगृहांत विचारून घ्यावी लागते. दोष निघाल्यास पहिल्या पंधरवड्यांतच थायरॉक्सिनची गोळी चुरून चमचाभर आईच्या दुधांत रोज ठराविक वेळीं देतात, आणि मूल वाढेल तसें रक्त पुनः पुनः तपासून मात्रा बदलतात.