मुंग्या कोणत्या बोटाला येतात?

वस्तीत तपासणीला गेलो की एक तक्रार हमखास कानावर येते, "ताई, हाताला मुंग्या येतात, गोळी द्या." गोळीआधी आम्ही विचारतो, कोणत्या बोटांना? कारण दंडातून बोटांपर्यंत तीन मुख्य नसा जातात आणि प्रत्येकीचा इलाका ठरलेला आहे. नस म्हणजे इथे रक्ताची शीर नव्हे. स्पर्श कळवणारी, स्नायू हलवणारी चेतातंतूंची दोरी.

अंगठ्याकडची नस : डॉक्टर तिला मीडियन म्हणतात. मनगटातल्या अरुंद बोगद्यातून ती तळहातात येते. अंगठा, तर्जनी आणि मधले बोट तिच्याकडे. धुणीभांडी, कपडे पिळणे, शिलाई यांत मनगट सतत वाकते आणि नस दबते. रात्री मुंग्यांनी जाग येते, हात झटकला की बरे वाटते. गरोदरपणात, मधुमेहात, थायरॉइडमध्येही असे होते. झोपताना मनगट सरळ ठेवणारा पट्टा बांधल्याने अनेकींना आराम पडतो. हातातून वस्तू निसटू लागल्या तर मात्र दवाखाना गाठा.

दंडामागची नस : ही रेडियल. दंडाच्या हाडाला मागून वळसा घालते. हाड मोडले, किंवा नशेत खुर्चीच्या पाठीवर दंड टाकून झोप लागली, तर मनगट लुळे पडते. दंडाला मार लागल्यावर मनगट वर उचलता येते का ते पाहा. येत नसेल तर मालिश नको, ओढाताण नको. थेट रुग्णालयात जा.

करंगळीकडची नस : ही अल्नर. कोपर आपटल्यावर झिणझिणते ती हीच. करंगळी आणि अनामिकेची अर्धी बाजू तिची. कुष्ठरोगात सर्वांत जास्त धोका हिलाच. करंगळी बधिर होते, चटका बसला तरी कळत नाही, पुढे बोटे आत वाकतात. अंगावर बधिर चट्टा असेल तर लगेच दाखवा. सरकारी दवाखान्यात ६ किंवा १२ महिन्यांचे औषध मोफत मिळते. ते सुरू झाले की लवकरच रोग पसरणे थांबते, ताटवाटी वेगळी करायची गरज नाही. हाताची ताकद नुकतीच गेली असेल, तर ६ महिन्यांच्या आत उपचार मिळाल्यास ती परत येण्याची आशा असते.

म्हणून आजच घरातल्या प्रत्येकाला डोळे मिटायला सांगा आणि बोटांना कापूस लावून विचारा, "कळतंय का?" जे बोट गप्प राहील, त्याच्यासाठी या आठवड्यातच दवाखान्यात जा. आपली चूल हातावर पेटते.